माया नगरी पाहताना मुलांबरोबर

आपल्या शाळेच्या परिवारातील अनेक घरांतली मुले-मुली, भाचे, नातवंडे आता अमेरिकेत स्थायिक आहेत. त्यांच्याकडे दोन-तीन महिन्यांसाठी जाणारे आजी-आजोबा आणि सुट्टीत आई-वडिलांबरोबर जाणारी मुले हल्ली एक नवी सहल करून येतात. ती म्हणजे क्रूझ, अर्थात मोठ्या प्रवासी जहाजावरची आठवडाभराची सहल. फ्लोरिडा किंवा टेक्सासमधून निघालेली ही जहाजे कॅरिबियन समुद्राच्या पश्चिम भागात मेक्सिको, बेलीझ अशा देशांच्या बंदरांना लागतात. एका बंदरात जहाज साधारण आठ ते दहा तास थांबते. तेवढ्या वेळात बहुतेक लोक समुद्रकिनारा आणि बाजार पाहतात. पण याच बंदरांपासून तास-दोन तासांच्या अंतरावर माया लोकांनी बांधलेल्या प्राचीन नगरांचे अवशेष आहेत. मुलांना ते दाखवावेत का, कोणते दाखवावेत आणि दाखवताना काय सांगावे, याची माहिती पालकांना आणि विद्यार्थ्यांना एकत्र मिळावी म्हणून हा लेख.

माया लोक कोण?

आधी एक गैरसमज दूर करू. ‘माया’ हे नाव ऐकले की आपल्याकडे लगेच मयासुराची आठवण काढली जाते, आणि हे लोक मुळात भारतातूनच तिकडे गेले असे ठासून सांगितले जाते. नावातले हे साम्य केवळ योगायोगाचे आहे. माया लोकांच्या भाषा, त्यांची लिपी, त्यांची पिके आणि त्यांची वास्तुकला ही सर्व त्याच भूमीत, हजारो वर्षांत वाढलेली आहेत. परग्रहावरून कोणी येऊन त्यांची मंदिरे बांधून गेले, ही तर निव्वळ करमणूक झाली. या दोन्ही गोष्टींत एक अन्याय आहे. ज्यांनी घाम गाळून ही नगरे उभारली, त्यांच्याकडून त्यांचे श्रेय त्यात काढून घेतले जाते. आपल्या वेरूळबद्दल कोणी असे म्हटले तर आपल्याला कसे वाटेल, असे मुलांना विचारून पाहावे.

माया लोकांची भूमी म्हणजे आजच्या मेक्सिकोचा आग्नेय भाग, ग्वाटेमाला, बेलीझ आणि होंडुरास व एल साल्वादोर या देशांचा काही भाग. तिथे एकच सम्राट किंवा एकच साम्राज्य नव्हते. अनेक नगरराज्ये होती आणि ती कधी मैत्रीने, कधी युद्ध करून राहत. दक्षिणेकडील नगरे इसवी सन २५० ते ९०० या काळात भरभराटीला आली. त्यानंतर दीर्घ दुष्काळ, सततची युद्धे आणि इतर कारणांनी ती एकामागून एक ओस पडली. उत्तरेकडच्या युकातान द्वीपकल्पातील नगरे मात्र पुढेही नांदत राहिली. स्पॅनिश लोक सोळाव्या शतकात आले तेव्हाही माया राज्ये होती आणि त्यांतले शेवटचे १६९७ साली पडले.

विद्यार्थी मित्रांनो, हा काळ मनात बसण्यासाठी आपल्या इतिहासाशी ताडून पाहा. राष्ट्रकूट राजा कृष्ण याच्या काळात, म्हणजे आठव्या शतकात, वेरूळचे कैलास लेणे खोदले जात होते, तेव्हा दक्षिणेकडची माया नगरे वैभवात होती. १२९० साली ज्ञानेश्वरी लिहिली गेली, त्याच शतकात तुलुम हे समुद्रकाठचे नगर वाढत होते. आणि १६९७ साली शेवटचे माया राज्य पडले, तेव्हा छत्रपती राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते.

कोणते बंदर, कोणते अवशेष?

जहाजाचा मार्ग ठरला की कोणती बंदरे लागणार ते कळते. प्रत्येक बंदराजवळ वेगळे स्थळ आहे आणि प्रत्येक स्थळ प्रत्येक वयाच्या मुलाला सोयीचे नाही.

कोझुमेल हे मेक्सिकोचे बेट सर्वांत गजबजलेले. बेटावरच सान हेर्वासियो नावाचे छोटे स्थळ आहे. बंदरापासून टॅक्सीने थोड्या वेळात पोहोचता येते. इमारती बुटक्या आहेत, त्यामुळे ‘भव्य’ पाहण्याच्या अपेक्षेने गेलात तर निराशा होईल. पण भोवती झाडी आहे, चालणे बेताचे आहे आणि लहान मुलांना व आजी-आजोबांना झेपते. हे स्थान इश्चेल या देवीचे. चंद्र, औषधी आणि बाळंतपण यांच्याशी तिचे नाते. दूरदूरच्या माया स्त्रिया होडीतून समुद्र ओलांडून तिच्या दर्शनाला येत. देवीच्या यात्रेची कल्पना आपल्या मुलांना वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

कोझुमेलहूनच तुलुमला जाता येते. त्यासाठी आधी फेरीबोटीने सुमारे पाऊण तासात मुख्य भूमीवरील प्लाया देल कार्मेन गाठावे लागते आणि पुढे तासाभराचा रस्ता आहे. तुलुम समुद्रालगत सुमारे १२ मीटर उंच कड्यावर वसलेले आहे. जमिनीकडच्या तीन बाजूंनी दगडी तट आणि त्यात पाच अरुंद दरवाजे आहेत. १५१८ साली किनाऱ्याने जाणाऱ्या स्पॅनिश दर्यावर्दींच्या नजरेला हे नगर पडले, तेव्हा ते नांदते होते. निळे पाणी, पांढुरके दगड आणि भिंतींवर ऊन खात पडलेले भलेमोठे सरडे, म्हणजे इग्वाना, यांमुळे मुले रमतात. सात-आठ वर्षांपुढच्या मुलांसाठी हे स्थळ चांगले, पण सावली फार कमी आहे.

चिचेन इत्झा हे सर्वांत प्रसिद्ध. १९८८ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवले. २००७ साली जगभरच्या मतदानातून जी ‘नवी सात आश्चर्ये’ निवडली गेली, त्यांत आपल्या ताजमहालाबरोबर याचेही नाव आहे. परंतु कोझुमेलहून फेरीबोट आणि बस मिळून एका बाजूलाच तीन तासांहून अधिक लागतात. म्हणजे सहा-सात तास प्रवासात आणि दोन तास प्रत्यक्ष पाहण्यात. दहा वर्षांखालच्या मुलांना घेऊन हा खटाटोप करू नये, असे स्पष्ट सांगावेसे वाटते. जहाज प्रोग्रेसो या बंदराला लागणार असेल तर गोष्ट वेगळी. तिथून चिचेन इत्झा बसने सुमारे दोन तासांवर आहे.

कोस्टा माया या बंदरापासून तासाभरावर चाक्चोबेन आहे. नावाचा अर्थ तांबड्या मक्याचे ठिकाण. हे स्थळ २००२ साली लोकांसाठी खुले झाले. दाट झाडीतून वाट जाते, सावली मिळते आणि तुलुमच्या मानाने शांतता असते. मुलांसह जाणाऱ्यांना ही निवड सोयीची.

बेलीझ देशात किनाऱ्याजवळ पाणी उथळ असल्याने मोठे जहाज दूरच उभे राहते आणि छोट्या बोटीतून शहरात आणतात. तिथून सुमारे ५० किलोमीटरवर अल्तुन हा आहे. १९६८ साली तिथल्या एका थडग्यात जेड या हिरव्या रत्नपाषाणात कोरलेले सूर्यदेवाचे मस्तक सापडले. त्याचे वजन जवळजवळ साडेचार किलो आहे. बेलीझची राजभाषा इंग्रजी असल्याने मुलांना वाटाड्याचे बोलणे थेट समजते, हा मोठा फायदा. नदीतून बोटीने जावे लागणारे लमानाई हेही बेलीझमध्येच. बोटीतून पक्षी आणि कधी मगरही दिसते, म्हणून मोठ्या मुलांना ते विशेष आवडते.

घरातून निघण्यापूर्वी

अवशेष म्हणजे शेवटी दगड. ज्याने आधी काही ऐकलेले नाही अशा मुलाला ते दहा मिनिटांत कंटाळवाणे होतात. म्हणून जाण्यापूर्वी आठवडाभर घरात थोडी तयारी करावी. ती पुस्तकी असण्याची गरज नाही.

सुरुवात स्वयंपाकघरातून करा. मका मूळचा मेक्सिकोचा. माया लोकांच्या कथेत देवांनी माणूस आधी मातीचा, मग लाकडाचा करून पाहिला. दोन्ही फसले. शेवटी मक्याच्या पिठाचा माणूस केला आणि तो टिकला. सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाणाऱ्या आपल्या इंदूरच्या मुलांना ही गोष्ट सांगून पाहा, लगेच पटेल. मिरची, पपई, पेरू, सीताफळ ही सर्व अमेरिका खंडांतूनच आपल्याकडे आली. चिकूची गंमत तर आणखी मोठी. चिकूचे झाड माया प्रदेशातले. त्याचे लाकूड इतके टणक की ग्वाटेमालातील तिकाल येथील मंदिरांच्या दारांवरच्या चिकूच्या तुळया हजार वर्षांहून अधिक काळ टिकल्या. त्याच झाडाच्या चिकापासून पूर्वी च्युइंगम बनवीत. डहाणू-घोलवडचा चिकू आपण आपलाच समजतो, पण त्याचे आजोळ तिकडे आहे.

दुसरी तयारी अंकांची. माया लोक दहाऐवजी वीसच्या पटीत मोजत. हाताची आणि पायाची मिळून वीस बोटे होतात, हे लक्षात ठेवा. त्यांची चिन्हे तीनच होती. टिंब म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच आणि शिंपल्यासारखी आकृती म्हणजे शून्य. अंक खालून वर मांडत. सर्वांत खाली एकक, त्यावर वीस, त्यावर चारशे. आता २००८ ही संख्या मांडून पाहू. चारशे पाच वेळा घेतले की २००० होतात, म्हणून सर्वांत वर एक रेघ. वीस एकदाही लागत नाहीत, म्हणून मध्ये शिंपला. उरले आठ, म्हणून खाली एक रेघ आणि तिच्यावर तीन टिंबे. झाली संख्या! विद्यार्थी मित्रांनो, आपापले जन्मवर्ष असे मांडून पाहा.

इथे शून्याकडे नीट लक्ष द्या. जागा रिकामी आहे हे दाखवण्यासाठी चिन्ह हवे, ही कल्पना जगात फार थोड्या ठिकाणी सुचली. आपल्या मध्य प्रदेशातच, ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिरात, इसवी सन ८७६चा शिलालेख आहे. त्यात २७० ही संख्या शून्यासह कोरलेली आहे. माया लोकांनी आपले शून्य आपल्यापासून संपूर्णपणे स्वतंत्रपणे शोधले. दोन दूरच्या समाजांना एकच अवघड गोष्ट वेगवेगळी सुचू शकते, हे मुलांना कळले तर कोणी कोणाकडून चोरले हा वादच उरत नाही.

तिथे गेल्यावर काय पाहावे?

सर्व काही पाहण्याचा हट्ट धरू नये. दोन तासांत तीन-चार गोष्टी नीट पाहिल्या तरी पुष्कळ.

पहिली गोष्ट पाणी. युकातानच्या उत्तर भागात जमिनीवर नद्या नाहीत. खाली चुनखडीचा दगड आहे, त्यात पावसाचे पाणी मुरते आणि जमिनीखालून वाहते. जिथे वरचे छत कोसळले तिथे खोल नैसर्गिक विहिरी तयार झाल्या. त्यांना सेनोते म्हणतात. नगरे त्यांच्या आसपास वसली. जिथे सेनोते नव्हते तिथे जमिनीत टाकी खोदून पावसाचे पाणी साठवीत. कोणत्याही अवशेषात गेल्यावर ‘हे लोक पाणी कुठून पीत होते?’ हा प्रश्न मुलांनी विचारावा. उत्तर शोधता शोधता अर्धे नगर समजते. प्रोग्रेसोला उतरणाऱ्यांसाठी आणखी एक नवल आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जो अशनी आदळल्यामुळे डायनोसॉर नष्ट झाले असे मानतात, त्याचे विवर याच किनाऱ्याखाली गाडले गेलेले आहे. त्याच्या कडेने सेनोतेंची अर्धवर्तुळाकार रांग दिसते.

दुसरी गोष्ट बांधकाम. माया लोकांकडे लोखंडाची हत्यारे नव्हती, बैल-घोडे नव्हते आणि ओझे वाहायला चाकाची गाडी नव्हती. दगडाने दगड घडवून आणि पाठीवर वाहून हे सारे उभे केले. चुनखडी भाजून चुना केला आणि इमारतींवर गिलावा दिला. आज करड्या दिसणाऱ्या कित्येक इमारती त्या काळी लाल रंगाने रंगवलेल्या होत्या. दारांच्या कमानी पाहा. दोन्ही बाजूंचे दगड थर-थर पुढे काढत वर एकत्र आणलेले दिसतील. आपल्याकडच्या जुन्या मंदिरांतही अशीच रचना आढळते. खरी गोल कमान कशी असते ते पाहायचे तर मांडूची जामी मशीद पाहावी.

तिसरी गोष्ट कालगणना. चिचेन इत्झा येथील कुकुल्कानच्या पिरॅमिडला चार बाजूंना जिने आहेत. प्रत्येक जिन्याला ९१ पायऱ्या. चारांच्या ३६४ आणि वरच्या चौथऱ्याची एक मिळून ३६५. मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र समान असतात, त्या सुमारास दुपारी उशिरा उत्तरेच्या जिन्याच्या कठड्यावर उजेडाचे त्रिकोण पडतात आणि खाली कोरलेल्या सर्पमुखापर्यंत एक सर्प उतरतो आहे असा भास होतो. इतर दिवशी गेलात तरी जिन्यासमोर उभे राहून टाळी वाजवा. प्रतिध्वनी पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा येतो. प्रत्येक पायरीवरून आवाज थोडा थोडा उशिरा परततो, त्याचा हा परिणाम.

२०१२ साली जगबुडी होणार, अशी भीती वर्तमानपत्रांपासून चित्रपटांपर्यंत पसरली होती. ती याच कालगणनेच्या नावावर. २१ डिसेंबर २०१२ रोजी माया पंचांगातील एक मोठे आवर्तन पूर्ण झाले, इतकेच. गाडीच्या मीटरवरचे नऊ उलटून शून्य यावेत, तसे ते होते. जग संपेल असे माया लोकांनी कुठेही म्हटलेले नव्हते.

एक सूचना सर्वांसाठी. कुकुल्कानच्या पिरॅमिडवर पूर्वी चढू देत असत, आता देत नाहीत. तुलुमलाही इमारतींवर चढण्यास मनाई आहे. जिथे चढण्याची परवानगी आहे, तिथेही पायऱ्या उंच आणि अरुंद असतात. चढताना सोपे वाटते, उतरताना पाय लटपटतात. दगडाचा तुकडाही उचलून आणू नये. नाव कोरणे तर दूरच.

अवघड प्रश्न

मुले दोन प्रश्न हमखास विचारतात आणि पालकांनी त्यांची उत्तरे आधीच मनात तयार ठेवावीत.

पहिला प्रश्न : ‘इथे माणसांचा बळी देत होते का?’ हे लपवू नये. हो, देत होते. चिचेन इत्झाच्या पवित्र सेनोतेतून माणसांची हाडे मिळाली आहेत, त्यांत मुलांचीही आहेत. त्याबरोबरच सोने, जेड आणि धूपही मिळाले आहेत. लहान मुलांना इतके सांगणे पुरे की पाऊस पडावा, पीक यावे म्हणून त्या काळचे लोक देवाला आपले सर्वांत मोलाचे ते देत, आणि आज आपल्याला ते चूक वाटते. पण काही वाटाडे पर्यटकांना थरारून सोडण्यासाठी हीच एक गोष्ट रंगवून सांगतात. मग मुलाच्या मनात माया लोक म्हणजे क्रूर लोक एवढेच राहते. क्रौर्य आणि बुद्धी एकाच समाजात असू शकतात. आपल्या इतिहासातही सती होती आणि त्याच समाजात गणितीही होते.

दुसरा प्रश्न : ‘मग ते लोक गेले कुठे?’ माझ्या मते संपूर्ण सहलीत या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे. ते कुठेही गेले नाहीत. नगरे ओस पडली, लोक राहिले. माया कुळातल्या तीसच्या आसपास भाषा आजही बोलल्या जातात. एकट्या युकातेक माया भाषेचे मेक्सिकोत २०२०च्या जनगणनेनुसार सुमारे पावणेआठ लाख बोलणारे होते. १९९२ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या ग्वाटेमालाच्या रिगोबेर्ता मेंचू या माया आहेत. २०२४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक संशोधन प्रसिद्ध झाले. चिचेन इत्झाला बळी दिलेल्या ६४ मुलांच्या हाडांतील आनुवंशिक द्रव्य तपासले, तेव्हा आज जवळच्या एका गावात राहणाऱ्या लोकांशी त्यांचे नाते दिसून आले. म्हणजे आपली बस चालवणारे, तिकीट देणारे, भरतकामाची झबली विकणारी बाई यांच्यापैकी कितीतरी जण त्याच नगरकर्त्यांचे वंशज असू शकतात.

म्हणून मुलांना दोन शब्द शिकवून न्या. युकातेक माया भाषेत ‘मालोब’ म्हणजे छान आणि ‘दिओस बोओतिक’ म्हणजे धन्यवाद. वाटाड्याला नम्रपणे विचारावे की आपण घरी कोणती भाषा बोलता. तो ‘माया’ म्हणाला, तर मुलाने हे शब्द म्हणून दाखवावेत. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहून घरात मराठी बोलणाऱ्या आपल्या मुलांना, दुसऱ्या कोणाची तरी भाषाही अशीच घरात जपली जाते, हे समजायला वेळ लागणार नाही.

यालाच जोडून एक दुःखाची गोष्ट मोठ्या विद्यार्थ्यांनी जाणून घ्यावी. माया लोकांची स्वतःची लिपी होती आणि झाडाच्या सालीच्या कागदावर लिहिलेली पुस्तके होती. १५६२ साली युकातानमधील मानी या गावी दिएगो दे लांदा या स्पॅनिश धर्मगुरूने ती सैतानाची म्हणून जाळली. आज अशी चारच पुस्तके जगात उरली आहेत. वाचणारे संपले आणि कोरलेले दगड तीन-चारशे वर्षे मुके झाले. गंमत अशी की, त्याच लांदाने लिहून ठेवलेल्या टिपणांतील काही चिन्हांच्या आधारे १९५२ साली युरी क्नोरोझोव या सोव्हिएत अभ्यासकाने लिपी उलगडण्याची वाट दाखवली, आणि तीही माया भूमीवर पाऊल न ठेवता. आपल्याकडे कोणी मोडी लिपी जाळली नाही, आपण ती शिकवणे सोडून दिले एवढेच. होळकर दरबाराचे किती कागद मोडीत आहेत आणि आपल्यापैकी किती जणांना पणजोबांचे पत्र वाचता येते, याचा विश्वस्त मंडळींनी आणि पालकांनी विचार करावा. सुट्टीत मोडीचा वर्ग शाळेत सुरू झाला तर तो या सहलीचाच एक धडा ठरेल.

वेळ, ऊन आणि कागदपत्रे

आता व्यवहाराच्या गोष्टी.

१. घड्याळ : जहाजावरचे घड्याळ आणि बंदरावरचे घड्याळ यांत एका तासाचा फरक असू शकतो. कोझुमेल ज्या किंताना रो राज्यात आहे, तिथे २०१५पासून वर्षभर एकच वेळ पाळली जाते. बेलीझ आणि प्रोग्रेसो त्याच्या एक तास मागे आहेत. उतरण्यापूर्वी ‘परत यायची वेळ जहाजाच्या घड्याळाने की गावाच्या?’ हे विचारून कागदावर लिहून घ्यावे.

२. सहल कोणाची : जहाजाने स्वतः आयोजित केलेली सहल महाग असते, पण बसला उशीर झाला तर जहाजवाले जबाबदारी घेतात. बाहेरच्या टॅक्सीने गेलात आणि उशीर झाला, तर जहाज थांबत नाही. मुले बरोबर असताना फेरीबोटीच्या लांबच्या स्थळांना जहाजाच्याच सहलीने जावे. सान हेर्वासियोसारख्या जवळच्या स्थळाला स्वतंत्र टॅक्सी चालते.

३. ऋतू : आपली उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे एप्रिल-मे. तिथेही हेच सर्वांत कडक उन्हाचे दिवस. जून ते नोव्हेंबर वादळांचा मोसम असतो आणि त्या काळात ऐनवेळी बंदर बदलू शकते. नाताळात हवा सुखद, पण गर्दी फार. निवड करता आली तर डिसेंबरचा पहिला पंधरवडा किंवा जानेवारी-फेब्रुवारी चांगले.

४. बरोबर काय असावे : प्रत्येकाची पाण्याची बाटली, रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, डासांचे मलम, न घसरणारे बूट आणि थोडे सुके खाणे. शाकाहारी कुटुंबांनी दशम्या, चिवडा असे जवळ ठेवलेले बरे. मात्र जहाजावरून खाद्यपदार्थ खाली उतरवण्याचे नियम कडक असतात, ते आधी विचारावेत. फळे तर नेऊच नयेत.

५. कागदपत्रे : जहाज अमेरिकेतून निघून परत अमेरिकेतच येते, तरी मध्ये आपण देशाबाहेर जातो. भारतीय पारपत्रधारकांकडे अमेरिकेचा अनेकदा प्रवेश देणारा व्हिसा असावा. प्रत्येक बंदराच्या देशाचे नियम तिकीट काढण्यापूर्वी त्या-त्या दूतावासाच्या माहितीवरून तपासावेत, कारण ते बदलतात. आजी-आजोबांबरोबर नातवंडे एकटी जाणार असतील, तर आई-वडिलांचे संमतिपत्र जवळ ठेवावे.

आधी सराव, मग सहल

ज्यांना मेक्सिकोला जायचे नाही, किंवा एवढ्यात जमणार नाही, त्यांनी हा लेख बाजूला ठेवू नये. अवशेष कसे पाहावेत याचा सराव आपल्या दारातच होतो. इंदूरहून मांडू सुमारे १०० किलोमीटर. आपण तिथे पावसाळ्यात जातो, जहाज महालासमोर छायाचित्र काढतो, भुट्टे खातो आणि परततो. पुढच्या वेळी मुलांना तीन प्रश्न देऊन पाठवा. डोंगरावरच्या या नगरात पाणी कुठून येई आणि कुठे साठे? दगड जोडले कसे? आणि इथे राहणाऱ्यांचे वंशज आज कुठे असतील? पन्हळी, टाकी आणि तलाव शोधत मुले दिवसभर फिरतील. असा एक दिवस घालवलेले मूल पुढे चिचेन इत्झाला गेले काय किंवा हंपीला गेले काय, त्याला डोळे फुटलेले असतील.

आणि जी मुले खरोखर माया नगरी पाहून येतील, त्यांच्यासाठी एक विनंती. परतल्यावर आपल्या वर्गात दहा मिनिटे बोला. किती फोटो काढले हे सांगू नका. पाणी कुठे होते, कमान कशी होती, वाटाडे काका घरी कोणती भाषा बोलत होते, हे सांगा. फळ्यावर टिंब, रेघ आणि शिंपला काढून आपल्या शाळेचे स्थापनावर्ष माया अंकांत लिहून दाखवा. वर्गातल्या ज्या मुलांना तिकडे जाता आले नाही, त्यांनाही तुमच्या सहलीतला वाटा मिळेल.